४ जानेवारी १९९९ चा आठवडा: ‘रॉ’ चांगला आणि ‘नायट्रो’ वाईट, हे कशावरून ठरवायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला येणाऱ्यालाही संदर्भ कळेल. जानेवारी १९९९ च्या पहिल्या आठवड्यातले अमेरिकी व्यावसायिक कुस्तीचे कार्यक्रम तुम्ही रेकॉर्डिंगवरून ओळीने पाहिलेत: सोमवारचा डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीचा ‘रॉ’, त्याच रात्रीचा तिच्या प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूचा ‘नायट्रो’, गुरुवारचा डब्ल्यूसीडब्ल्यूचाच ‘थंडर’ आणि रविवारचा ईसीडब्ल्यू या लहान कंपनीचा पे-पर-व्ह्यू, म्हणजे वेगळे पैसे भरून पाहायचा खास कार्यक्रम. सगळे जाणकार सांगतात की त्या सोमवारी ‘रॉ’ने कमाल केली आणि ‘नायट्रो’ने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. तुम्हाला मात्र ‘नायट्रो’मध्ये कुस्ती जास्त दिसली आणि ‘रॉ’मध्ये बोलणेच फार वाटले. मग नजर तुमची चुकते की जाणकारांची, असे तुम्ही विचारले आहे, आणि त्याला जोडून हेही विचारले आहे की निकाल आधीच ठरलेला असेल तर एका कार्यक्रमाला चांगले आणि दुसऱ्याला वाईट म्हणायला आधार काय.

मी हे कुठे बसून पाहतो ते आधी सांगायला हवे. क्रीडा प्रक्षेपणाच्या निर्मितीत मला तेवीस वर्षे झाली. त्यांतली आठ वर्षे परदेशी कुस्तीचे साप्ताहिक कार्यक्रम आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी कापणे, जाहिरातींच्या जागा ठरवणे आणि दोन तासांच्या कार्यक्रमातून पन्नास मिनिटांचा सारांश काढणे, या कामात गेली. अलीकडे मी सांगली, सातारा आणि कोल्हापूर भागातल्या जत्रांमधील कुस्ती मैदानांचे थेट प्रक्षेपण करतो. त्यामुळे माझे मत पैलवानाचे नाही आणि केवळ चाहत्याचेही नाही. प्रेक्षक कोणत्या क्षणी खिळून राहतो आणि कोणत्या क्षणी उठून जातो, याचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाचे ते मत आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रेकॉर्डिंग पाहणाऱ्याचे मत आणि त्या रात्री रिमोट हातात धरून बसलेल्या प्रेक्षकाचे मत सारखे असूच शकत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे ‘नायट्रो’ रात्री आठ ते अकरा असा तीन तास चाले आणि ‘रॉ’ नऊ ते अकरा. म्हणजे नऊनंतर प्रत्येक जाहिरातीला प्रेक्षकाला ठरवावे लागे की इथेच थांबायचे की पलीकडे जायचे. तुम्ही एक कार्यक्रम संपवून मग दुसरा लावलात, त्यामुळे ती ओढाताण तुमच्या वाट्याला आली नाही. शिवाय आधीच्या तीन महिन्यांत काय घडले हे तुम्हाला माहीत आहे की नाही, यावरही बरेच अवलंबून असते. आपल्याकडे त्या काळी केबलवर हे कार्यक्रम उशिराने आणि तुकड्यातुकड्यांत पोचत. ज्याने फक्त तेवढेच पाहिले, त्याला मॅनकाइंड हा तोंडाला चामड्याचा मुखवटा बांधून येणारा एक विचित्र माणूस एवढाच वाटला असेल, तर त्यात त्याचा दोष नाही.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात मला मापाचा घोळ दिसतो. तुम्ही कुस्तीची मिनिटे मोजलीत. साप्ताहिक कार्यक्रम मात्र दिलेल्या शब्दावर उभा असतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रेक्षकाला सांगितले जाते की आज अमुक घडणार आहे, थांबा. तो थांबतो, म्हणजे आपल्या आयुष्यातले दोन-तीन तास देतो. त्या बदल्यात त्याला कबूल केलेली गोष्ट मिळाली का, ती मिळाली नसेल तर न मिळण्याचे कारण त्याला पटण्यासारखे होते का, आणि पुढच्या सोमवारी परत यावे असे काही त्याच्या मनात उरले का, एवढ्यावर मी आठवड्याचे मत बनवतो. रिंगमधले कौशल्य त्यात येतेच, पण ते या व्यवहाराच्या आत येते.

‘रॉ’ या मापाने पाहा. मिक फोली, म्हणजेच मॅनकाइंड, १५ नोव्हेंबर १९९८ रोजी सर्व्हायव्हर सिरीज या पे-पर-व्ह्यूमध्ये विश्वविजेतेपदाच्या अंतिम लढतीत द रॉककडून हरला, आणि तो शरण आलेला नसताना कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहन याने घंटा वाजवायला लावून त्याला हरवले. डिसेंबरच्या पे-पर-व्ह्यूमध्ये त्याने रॉकला बेशुद्ध पाडले, तरी त्या निकालावर विजेतेपदाचा पट्टा हातचा जात नाही असे सांगून मॅकमॅहनने तो रॉककडेच ठेवला. म्हणजे ४ जानेवारी उजाडेपर्यंत प्रेक्षकाने या माणसाची पन्नास दिवसांत दोन वेळा फसवणूक होताना पाहिली होती. त्या रात्री मॅनकाइंडने मॅकमॅहनचा मुलगा शेन याला पेचात धरून बापाकडून लढत कबूल करून घेतली, तीही अपात्रतेचा नियम नसलेली. तुम्हाला जे ‘नुसते बोलणे’ वाटले, त्यातला बराचसा भाग या मागणीचा आणि कबुलीचा होता. लढत दहा मिनिटांचीही नव्हती, पण तिच्यामागे सात आठवडे होते. रिंगभोवती एका बाजूला मॅनकाइंडच्या मदतीला आलेली डी-जनरेशन एक्स ही टोळी आणि दुसऱ्या बाजूला मॅकमॅहनची कॉर्पोरेशन ही टोळी अशी माणसे उभी होती, आणि सगळे एकमेकांवर तुटून पडलेले असताना काच फुटल्याचा आवाज झाला.

तो आवाज कानांत साठवून ठेवा. स्टीव्ह ऑस्टिन या मल्लाच्या प्रवेशाची ती खूण होती. नियंत्रण कक्षात बसणाऱ्याला ठाऊक असते की असा प्रतिसाद कॅमेऱ्याने निर्माण करता येत नाही. जास्तीत जास्त तो टिपता येतो. ऑस्टिनने खुर्चीने रॉकला पाडले, फोलीला ओढून त्याच्या अंगावर टाकले, आणि पंचाने तीन मोजले. लोक जागेवरून उठले होते. हा कार्यक्रम सहा दिवस आधी, २९ डिसेंबरला, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथे चित्रित झाला होता आणि तरीही त्यात शिळेपणाचा लवलेश नाही, ही गोष्ट संकलनाचे काम करणारा माणूस म्हणून मला आजही मोलाची वाटते.

इथे तुम्ही म्हणाल की खुर्ची मारून जिंकणे हीदेखील ढवळाढवळच होती, मग ती गोड कशी? शंका योग्य आहे. माझे उत्तर असे की प्रेक्षक ढवळाढवळीला विटत नाही, आपल्या वाटणीचे कुणी हिरावून नेले की विटतो. फोलीकडून दोन वेळा बाहेरच्या हाताने हिरावून घेतले गेले होते, आणि तिसऱ्या वेळी बाहेरच्याच हाताने ते परत केले. हिशोब त्याच नाण्यात चुकता झाला. शिवाय ऑस्टिनचे स्वतःचे मॅकमॅहनशी उघड वैर होते, त्यामुळे तो का आला हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

आता ‘नायट्रो’. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच दडलेले आहे. अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये त्या रात्री तीस हजारांहून अधिक लोक होते. डब्ल्यूसीडब्ल्यूचे घर अटलांटा, आणि गोल्डबर्गही त्याच मातीतला खेळाडू: जॉर्जिया विद्यापीठाकडून आणि पुढे अटलांटा फाल्कन्सकडून तो अमेरिकन फुटबॉल खेळला होता. याच इमारतीत ६ जुलै १९९८ रोजी त्याने हल्क होगनला चीत करून विश्वविजेतेपद घेतले होते. २७ डिसेंबरच्या स्टारकेड या पे-पर-व्ह्यूमध्ये केविन नॅशने त्याला पहिल्यांदा हरवले, तेही स्कॉट हॉलने विजेचा झटका देणारे यंत्र वापरल्यामुळे. नॅशने असे जिंकणे आपल्याला नको होते असे म्हणत पुन्हा लढत कबूल केली. ती लढत ४ जानेवारीला व्हायची होती. घरच्या प्रेक्षकांना यापेक्षा स्पष्ट शब्द कोणता देणार?

मग कार्यक्रमात पोलिस आले. कार्यक्रमातल्या मिस एलिझाबेथचा पाठलाग केल्याच्या आरोपावरून गोल्डबर्गला नेण्यात आले, तिचा जबाब फिरला, त्याला सोडण्यात आले, आणि हा सगळा प्रवास तुकड्यातुकड्याने संध्याकाळभर दाखवण्यात आला. दरम्यान, काही आठवड्यांपूर्वी निवृत्ती जाहीर केलेला होगन परतला, आणि नॅशने गोल्डबर्गऐवजी त्याच्याशी लढायचे ठरवले. मुख्य लढत सुरू झाली, दोघे समोरासमोर आले, नॅशने होगनला मागे ढकलले, होगनने नॅशच्या छातीला एका बोटाने स्पर्श केला, नॅश एखादा वाडा कोसळावा तसा आडवा झाला आणि होगन त्याच्यावर पडून विजेता झाला. सगळे मिळून दोन मिनिटेही झाली नाहीत. दुभंगलेली एनडब्ल्यूओ ही होगन-नॅशची टोळी पुन्हा एक झाली आहे, आणि ही सारी संध्याकाळ म्हणजे त्यांचाच कट होता, हे त्यातून उघड व्हायचे होते. गोल्डबर्ग धावत आला, त्याला मारले, दोराला बेड्यांनी बांधले, पाठीवर रंगाने टोळीचे नाव लिहिले, आणि त्या चित्रावर कार्यक्रम संपला.

या कल्पनेची बाजू मांडायला मी तयार आहे, कारण तिच्यावर सरसकट टीका करणारे तिचा हेतू विचारात घेत नाहीत. कागदावर हा डाव वाईट नाही. खलनायकांनी सगळ्यांना फसवायचे, नायकाला त्याच्याच गावात धुळीला मिळवायचे, आणि मग नायकाने एकेकाला गाठून सूड घ्यायचा, ही रचना जुनी आणि भक्कम आहे. ती टिकायला दोन गोष्टी लागतात. फसवणूक पात्रांची व्हावी, तिकीट काढून बसलेल्या माणसाची होऊ नये. आणि सूड लवकर, नेमक्या माणसावर उगवला जावा. पहिली गोष्ट त्या रात्रीच हातची गेली, कारण कबूल केलेली लढत अटलांटाला मिळालीच नाही, आणि तिच्या जागी जे मिळाले त्याने विश्वविजेतेपदाचा पट्टा हा मित्रांनी एकमेकांना द्यायचा जिन्नस आहे असे दाखवले. दुसरी गोष्ट पुढच्या महिन्यांत गेली. १७ जानेवारीच्या सोल्ड आउट या पे-पर-व्ह्यूमध्ये गोल्डबर्गची लढत स्कॉट हॉलशी लावली. फेब्रुवारीच्या सुपरब्रॉलमध्ये तो बॅम बॅम बिगेलोशी लढला, आणि होगन त्याच कार्यक्रमात रिक फ्लेअरशी. मार्चच्या अनसेन्सर्डमध्येही होगनसमोर फ्लेअरच होता. नॅशचा हिशोब गोल्डबर्गने एप्रिलमध्ये चुकता केला, पण तोपर्यंत पट्टा फ्लेअरच्या हातून पुढे डायमंड डॅलस पेजकडे चालला होता. ज्या प्रेक्षकाने ४ जानेवारीला बेड्या घातलेला गोल्डबर्ग पाहिला, त्याला होगन आणि गोल्डबर्ग यांची पट्ट्यासाठीची झुंज हवी होती, आणि त्या साऱ्या काळात ती त्याला मिळाली नाही.

माझ्या कामातला एक अनुभव सांगतो, म्हणजे मी एवढा आग्रही का आहे ते कळेल. काही वर्षांपूर्वी एका जत्रेतल्या मैदानाचे प्रक्षेपण माझ्याकडे होते. एक नंबरच्या कुस्तीची जोड महिनाभर आधी जाहीर झाली होती, गावोगावी फलक लागले होते. दुपारपासून लहान-मोठ्या जोडी लागल्या, त्यांत पोरांच्या काही कुस्त्या इतक्या चटपटीत झाल्या की कॅमेऱ्यावरची माझी माणसेसुद्धा ओरडत होती. संध्याकाळी मुख्य जोडीतला एक पैलवान आलाच नाही. ऐनवेळी दुसरा उभा केला, हलगी कडाडली, सलामी झाली, थोडी खडाखडी झाली आणि चार-पाच मिनिटांत कुस्ती बरोबरीत सोडवली. लोकांनी मातीत टोप्या फेकल्या. दुसऱ्या दिवशी त्या मैदानाबद्दल ज्याला विचारले त्याने ‘मैदान फसले’ एवढेच सांगितले. दुपारच्या त्या चटपटीत कुस्त्या कुणाच्या तोंडी नव्हत्या. आपल्याकडे निकाली कुस्ती या शब्दाला जे वजन आहे, ते यामुळेच आहे. आखाड्यातली कुस्ती स्पर्धा आहे आणि अमेरिकी टीव्हीवरची कुस्ती रचलेले नाट्य आहे, हा फरक मला पूर्ण मान्य आहे, पण शेवटच्या लढतीकडे डोळे लावून बसलेला माणूस दोन्हीकडे तोच असतो.

यावरून तुमच्या निरीक्षणाकडे परत येतो. तुम्हाला ‘नायट्रो’मध्ये कुस्ती जास्त दिसली, हे निरीक्षण मी खोडून काढणार नाही. त्या काळात डब्ल्यूसीडब्ल्यूकडे रे मिस्टेरिओ, बिली किडमन, हुवेंतूद गरेरा, डीन मॅलेंको, ख्रिस जेरिको आणि बुकर टी असे मधल्या फळीतले मल्ल होते, आणि हलक्या वजनाच्या मल्लांची उड्या आणि पेचांची इतकी वेगवान कुस्ती अमेरिकेच्या टीव्हीवर तेव्हा दुसरीकडे क्वचितच दिसे. तुमची नजर चांगली आहे. मात्र या मल्लांच्या लढतींना त्या संध्याकाळच्या शब्दात कुठेच जागा नव्हती. कोण जिंकले याने वरच्या फळीतले काहीही हलत नव्हते. आठ वर्षे सारांश कापताना माझ्यापुढे हीच अडचण यायची: सर्वांत सुंदर लढत अनेकदा अशी असे की ती काढून टाकली तरी गोष्टीत भोक पडत नसे. मी ती काढायचो आणि मला वाईट वाटायचे. वाईट वाटायचे ते त्या मल्लांसाठी, कारण त्यांचे कौशल्य शब्दाशी न जोडण्याचा निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असे.

त्या रात्रीची आणखी एक घटना तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट भिडते. ‘नायट्रो’ थेट चालू होता आणि ‘रॉ’ आधीच चित्रित झालेला होता. पलीकडचा निकाल ‘नायट्रो’च्या निवेदकाने वरून आलेल्या सूचनेनुसार हवेतच सांगून टाकला: पूर्वी आपल्याकडे कॅक्टस जॅक या नावाने लढलेला मिक फोली आज त्यांचे विश्वविजेतेपद जिंकणार आहे, आणि अशा विजेत्यासाठी कोण तिकिटे काढणार, अशा अर्थाची टीकाही त्याने जोडली. निकाल कळला की पाहण्यात राम उरत नाही, हा त्यामागचा हिशोब होता. घडले उलटे. लाखो घरांत त्या वेळी चॅनेल बदलले गेले, असे त्या रात्रीच्या आकड्यांवरून सांगितले जाते. सरासरी रेटिंग ‘रॉ’चे सुमारे ५.७ आणि ‘नायट्रो’चे सुमारे ५.० आले.

याचा अर्थ असा की निकाल माहीत असणे ही पाहण्यातली अडचण नसते. कीर्तनाला बसलेल्या माणसाला गजेंद्राची सुटका होणार हे ठाऊक असते, तरी मगरीने पाय धरला की तो पुढे सरकून बसतो. फोली जिंकणार हे कळल्यावर ‘जिंकतो का’ हा प्रश्न संपला आणि ‘ज्या माणसाला इतके दिवस नाकारले त्याला ते कसे मिळते’ हे पाहण्याची ओढ लागली. ठरलेल्या निकालाच्या खेळात चांगले-वाईट ठरवण्याचा आधार मला इथे सापडतो. निकालापर्यंतचा रस्ता रचणाऱ्याने प्रेक्षकाच्या मनातल्या इच्छेचा मान राखला का, हे पाहायचे.

उलट बाजूने कुणी म्हणते की सगळे खरे असते तर अधिक रंगले असते. योगायोग असा की त्याच तारखेला टोकियो डोममध्ये न्यू जपान प्रो रेसलिंगचा वर्षारंभीचा मोठा कार्यक्रम होता आणि त्यात हे घडले. शिन्या हाशिमोतो हा न्यू जपानचा खंदा मल्ल, आयडब्ल्यूजीपी हे तिथले मुख्य विजेतेपद तीन वेळा मिळवलेला. समोर नाओया ओगावा, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधला ज्युदोचा रौप्यपदक विजेता. ओगावाने लढतीत सहकार्य करणे सोडून दिले आणि हाशिमोतोच्या तोंडावर खरे ठोसे आणि खऱ्या लाथा घातल्या. लढत अनिर्णित म्हणून थांबली, दोन्ही बाजूंची माणसे रिंगमध्ये घुसली आणि खरी हाणामारी झाली. ती दृश्ये मी कामासाठी अनेकदा पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ झालो आहे. व्यावसायिक कुस्तीत एक मल्ल आपले शरीर दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि तो विश्वास मोडला की उरते ती बेसावध माणसाला झालेली मारहाण. पुढे त्या दोघांच्या वैराने जपानमध्ये प्रचंड कुतूहल निर्माण केले, आणि ७ एप्रिल २००० रोजी हरल्यास निवृत्तीची अट घालून हाशिमोतो पुन्हा ओगावाशी लढला आणि हरला. पण ते कुतूहल पुन्हा शब्द, अट आणि मुदत यांच्या चौकटीत बांधूनच उपयोगात आणावे लागले. त्याच रात्री केजी मुतोने स्कॉट नॉर्टनला हरवून आयडब्ल्यूजीपी विजेतेपद घेतले, पण त्या कार्यक्रमाची आठवण हाशिमोतो-ओगावा यांच्या नावानेच निघते.

मी ‘रॉ’ची स्तुती केली, म्हणून त्याची मर्यादाही सांगतो. या कथेचा पुढचा टप्पा २४ जानेवारीच्या रॉयल रंबलमधली ‘आय क्विट’, म्हणजे समोरच्याला ‘मी हरलो’ म्हणायला लावण्याची लढत हा होता. त्यात हात मागे बेड्यांनी बांधलेल्या फोलीच्या डोक्यावर रॉकने एकामागून एक खुर्च्या मारल्या, आणि त्या वेळी फोलीची बायको आणि लहान मुले प्रेक्षकांत समोर बसलेली होती. कथेच्या दृष्टीने हिशोब चोख होता: रॉक जिंकला, ३१ जानेवारीला रिकाम्या सभागृहात झालेल्या लढतीत फोलीने पट्टा परत मिळवला, फेब्रुवारीत रॉकने तो पुन्हा घेतला, आणि २८ मार्चच्या रेसलमेनियात ऑस्टिन त्याला हरवून विजेता झाला. प्रत्येक कडी पुढच्या कडीत अडकलेली आहे. तरीही डोक्यावरच्या त्या खुर्च्या मला आज पाहवत नाहीत. २०१० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने (डब्ल्यूडब्ल्यूएफचेच नंतरचे नाव) डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी घातली, ती खूप उशिरा आली असे माझे ठाम मत आहे. शब्द पाळण्यासाठी मल्लाचा मेंदू खर्ची घालायचा असेल, तर तो शब्द देणाऱ्याने दुसरा विचार करायला हवा होता.

‘त्या एका आठवड्याने डब्ल्यूसीडब्ल्यू संपली’ हे विधान मात्र मी मान्य करत नाही. १९९६ च्या मध्यापासून सलग ८३ आठवडे ‘नायट्रो’ पुढे होता, आणि ही मालिका एप्रिल १९९८ मध्येच तुटली होती. समोरासमोरच्या स्पर्धेतला त्याचा शेवटचा विजय २६ ऑक्टोबर १९९८ चा. म्हणजे घसरण आधीच सुरू झाली होती. कंपनी बंद पडली ती मार्च २००१ मध्ये, तिच्या मालक टाइम वॉर्नर समूहाचे एओएल या इंटरनेट कंपनीशी विलीनीकरण झाल्यावर, नव्या व्यवस्थापनाने आपल्या वाहिन्यांवरून कुस्ती काढून टाकली तेव्हा. ५.० रेटिंग हा काही मरणाऱ्या कार्यक्रमाचा आकडा नव्हे. आजच्या कुठल्याही कुस्ती कार्यक्रमाला त्याचा हेवा वाटेल. ४ जानेवारीला गमावला तो विश्वास, आणि त्याचे परिणाम एका आठवड्याच्या आकड्यांत दिसत नाहीत.

‘थंडर’बद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सोमवारचे तीन तास आणि गुरुवारचे दोन, असे आठवड्याला पाच तास त्याच मल्लांवर आणि त्याच गोष्टीवर भरायचे म्हटल्यावर दुसरा कार्यक्रम पातळ होणारच. त्यासाठी त्या गुरुवारी काम करणाऱ्या कुणालाही मी दोष देणार नाही. रविवारचा ईसीडब्ल्यूचा ‘गिल्टी ॲज चार्ज्ड’ मात्र नीट पाहा. शेन डग्लसकडे तेरा महिन्यांहून अधिक काळ पट्टा होता, आणि टॅझने १९९८ मध्ये संधी मिळत नाही म्हणून स्वतःचाच एक पट्टा मिरवायला सुरुवात केली होती. १० जानेवारीला फ्लोरिडातल्या किसिमीमध्ये टॅझने डग्लसला हरवले. सभागृह लहान, प्रकाशयोजना साधी, निर्मितीचा खर्च त्या दोन मोठ्या कंपन्यांच्या पासंगालाही न पुरणारा. पण दिलेला शब्द पाळलेला. माझ्या मते त्या आठवड्याच्या क्रमवारीत तो ‘रॉ’च्या लगेच खाली येतो.

तुम्हाला स्वतःचे मत तपासून पाहायचे असेल तर मी जे करतो ते करून पाहा. वहीच्या पानावर मध्ये एक रेघ ओढा. डावीकडे कार्यक्रमाने काय कबूल केले ते लिहा, निवेदकाने उच्चारलेले आणि पडद्यावर झळकलेले सर्व काही, वेळेसकट. उजवीकडे ते कधी आणि कोणत्या रूपात मिळाले ते लिहा. लढतींना गुण देऊ नका. ते नंतर देता येतील. ‘नायट्रो’च्या पानावर डावी बाजू गच्च भरेल आणि उजवीकडे गोल्डबर्गच्या नावासमोर काय लिहायचे या विचाराने तुमचे पेन थांबेल.

पाहण्याचा क्रमही बदला. आधी ६ जुलै १९९८ च्या ‘नायट्रो’तली होगन-गोल्डबर्ग लढत पाहा आणि जॉर्जिया डोममधल्या त्या गर्दीचे चेहरे लक्षात ठेवा. मग स्टारकेडचा शेवट, मग ४ जानेवारीची मुख्य लढत, आणि या वेळी रिंगकडे न बघता नॅश पडल्यानंतर मागे दिसणाऱ्या प्रेक्षकांकडे बघा. तीच इमारत आहे आणि मधले अंतर फक्त सहा महिन्यांचे आहे. तेवढे पाहून झाल्यावर तुमचे मत बदलले किंवा नाही बदलले, तरी इथेच लिहा. मधल्या फळीतली त्या रात्रीची कोणती लढत तुम्हाला सर्वांत आवडली हेही त्यात लिहा, कारण ती पुन्हा पाहायची माझी इच्छा आहे.